स्टेंट बसला, पुढचे तीन महिने कुणाचे?

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीदार नळीच्या, किमती बांधून दिल्या आणि लाखाच्या घरातला औषधी लेपाचा स्टेंट तीस हजारांच्या आत आला. तरी घरच्या फोनवर अजून तेच विषय असतात: स्टेंट देशी की परदेशी, कॅशलेस मंजूर झालं का, फुले योजनेत बसतं का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण रुग्ण घरी आल्यानंतरच्या तीन महिन्यांसाठी कुणी भांडताना दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझे मामा सांगलीचे. अँजिओप्लास्टी, म्हणजे रक्तवाहिनी फुगवून स्टेंट बसवणं, वेळेत झाली. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, ‘मीठ-तेल कमी’ आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवा’. किती चालायचं, जिना कधी चढायचा, याबद्दल अक्षर नाही. मग घरच्यांनी मायेपोटी त्यांना जागचं हलूच दिलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचे. शेतात राबलेला माणूस न्हाणीघरात एकटं जायला घाबरू लागला.

इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, ओळखीच्या एका काकांना सोबत म्हणून मी कार्डिअ‍ॅक रिहॅबला, म्हणजे हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाच्या व्यायामवर्गाला जाते. साधा हॉल, दोन शंकू, बीप वाजला की वळसा घालून परत चालायचं. भिंतीवर 6 ते 20 आकड्यांचा दमाचा तक्ता. नर्स विचारते, आता कितीवर? काका म्हणतात, तेरा. म्हणजे थोडं जड जातंय, पण झेपतंय. आपल्याला किती झेपतं हे आता त्यांचं त्यांना कळतं. व्यायामावर आधारलेल्या अशा पुनर्वसनाने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा दवाखान्यात भरती होणं कमी होतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे.

पण इंग्लंडचे गोडवे गाण्यासारखंही नाही. सगळं मोफत असून पात्र रुग्णांपैकी जेमतेम निम्मे येतात. 2028 पर्यंत 85 टक्क्यांचं लक्ष्य 2019 मध्येच जाहीर झालंय. बायका कमी येतात, आपले दक्षिण आशियाई लोकही. कुणाला कामावरून सुट्टी मिळत नाही, कुणाला अनोळखी लोकांसमोर हातपाय हलवायची लाज वाटते. अनेकांना हा उपचाराचाच भाग आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही. भारतातल्या 24 रुग्णालयांत जवळपास चार हजार रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. मृत्यूंमध्ये ठोस फरक सिद्ध झाला नाही, हे खरं. पण योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली, आणि पूर्वीच्या कामांना ते अधिक चांगले परतले. मामांना नेमकं हेच हवं होतं.

म्हणून अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमध्येच पुनर्वसनाचे हे बारा आठवडे धरा. डिस्चार्ज कार्डावर पहिल्या सत्राची तारीख आणि जागा लिहा, घरच्यांनाही समोर बसवून समजावा. आणि रुग्ण आला नाही तर त्याला फोन कुणी करायचा, हेही त्याच पॅकेजमध्ये ठरवा.