‘पेट्रोलचा गाळ’ आणि देवघरातलं रेझिन

गेल्या आठवड्यापासून आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आधी चोपड्याच्या नानांनी टाकला, मग तोच शिरपूरच्या मावशीने, मग तोच शहाद्याच्या जावईबुवांनी. वर लाल अक्षरांत ‘जागे व्हा’ आणि खाली सगळा माल असा : १९०७ साली रिफायनरीत उरलेला पेट्रोलचा गाळ टाकायला जागा नव्हती, म्हणून बेकलँड नावाच्या माणसाने त्याचं प्लॅस्टिक केलं. प्लॅस्टिक सगळं एकच, रंग नि नाव तेवढं वेगळं. ‘रेझिन’ म्हणजे झाडाची राळ, म्हणून रेझिनच्या वस्तू नैसर्गिक. डब्याखालच्या त्रिकोणातला आकडा ही विषाची पायरी, १ शुद्ध आणि ७ घातक. आणि शेतात प्लॅस्टिक जाळू नका. त्याखाली नानांनी मला विचारलं, “हाई खरं शे का रे भो? तू तर पाईपच्या कंपनीत शे.”

नाना, जळगावच्या एमआयडीसीत पाईपच्या लाईनवर माझी अठरा वर्षं गेली, म्हणून बोलतो. साल बरोबर आहे, माणूसही बरोबर आहे. गाळ मात्र कुठून आला कोण जाणे.

लिओ बेकलँड मूळचा बेल्जियमचा, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला. फोटोचा कागद काढून, ती कंपनी विकून त्याच्याकडे आधीच बक्कळ पैसा आला होता. कुणाचा कचरा संपवायला तो बसलाच नव्हता. त्याला हवी होती लाखेला पर्यायी वस्तू. आपली लाख, तीच बांगड्यांची. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर एक बारीक किडा जे कवच करतो, ते खरवडून, गाळून तिची चपडी होते. त्या काळी जगात नवीनच वीज येत होती, तारा-मोटारींना वीजरोधक लेप म्हणून लाख लागायची, आणि मुख्य पुरवठा हिंदुस्थानातून. किडा किती काम करणार? बेकलँडने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायनं दाबाखाली तापवून बेकेलाईट हे प्लॅस्टिक केलं. तेव्हाचं फिनॉल यायचं दगडी कोळशाच्या डांबरातून, आणि फॉर्मल्डिहाइड ज्या मिथेनॉलपासून होई ते लाकूड बंद भांड्यात तापवून काढलेलं. म्हणजे कोळसा आणि लाकूड. पेट्रोलचा थेंब नाही. गाळच म्हणायचा तर कोळशाचा म्हणा, तेवढं मान्य.

बरं, बेकेलाईट पहिलंसुद्धा नव्हे. त्याआधी १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने ‘पार्कसीन’ मांडलं होतं, आणि १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायटने सेल्युलॉइड. बिलियर्डचे गोळे हस्तिदंताचे असत, हत्ती परवडेनात, म्हणून हायटची ही खटपट. या दोन्हींचा कच्चा माल सेल्युलोज, म्हणजे झाडापाल्याच्या धाग्यांतला मुख्य पदार्थ, आणि सेल्युलोजचा सगळ्यात शुद्ध साठा म्हणजे कापूस. नाना, तुमच्या जिनिंगमधून सरकी बाहेर पडते तेव्हा तिच्यावर पांढरी लव चिकटलेली असते ना? तेच लिंटर. त्यापासून आजही सेल्युलोजचे पदार्थ करतात. पुढे १८९०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत दुधातल्या केसिनचं ‘गॅलॅलिथ’ निघालं, त्याची बटणं व्हायची. कपाशी, दूध, कोळसा : प्लॅस्टिकचा पहिला अध्याय खान्देशच्या बाजारातून उचलल्यासारखा वाटतो.

तेल आलं ते मागाहून. केळीच्या बागेतलं ठिबकचं लॅटरल, म्हणजे झाडापर्यंत पाणी नेणारी नळी, पॉलिथिनच्या घराण्यातलं, आणि पॉलिथिनचा जन्म १९३३चा. इंग्लंडमधल्या विनिंग्टनला आयसीआय या रसायन कंपनीचे दोन रसायनतज्ज्ञ, फॉसेट आणि गिब्सन, प्रचंड दाबाखाली वायूंचा प्रयोग करत होते, भांड्यात मेणासारखा पांढरा थर सापडला. त्यासाठी लागणारा इथिलीन वायू आज मुख्यत: कच्च्या तेलातून निघणारा नाफ्था आणि नैसर्गिक वायूपासूनच येतो, हे खरं. पण आमच्या पाईपचं पीव्हीसी घ्या. शंभर किलोत सुमारे ५७ किलो क्लोरीन, आणि क्लोरीन येतो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. निम्म्याहून जास्त पाईप मिठाचा! उरलेला भाग चीनमध्ये बऱ्याच ठिकाणी कोळशापासून करतात. ‘पेट्रोलचा गाळ’ हे नाव त्याला कसं बसवायचं, तुम्हीच सांगा.

आता रेझिन. या मुद्द्यावर मावशीशी भांडण होणार, कारण तिच्या सुनेने देवघरात ‘रेझिनचं ताट’ आणलंय, गुलाबाच्या पाकळ्या आत गोठवलेलं, आणि ते ‘नैसर्गिक’ म्हणून. शब्दाचा उगम राळेतच आहे, हे कबूल. १८७२ साली बायर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं मिश्रण केलं तर तळाशी राळेसारखा चिकट गोळा उरला. त्याला तो नकोसाच वाटला. पुढे अशा माणसाने केलेल्या राळेलाही रेझिनच म्हणू लागले, आणि धंद्यात शब्द इतका सैल झाला की आज पाईपच्या कच्च्या मालाच्या २५ किलोच्या पोत्यावरही ‘पीव्हीसी रेझिन’ छापलेलं असतं. आत मैद्यासारखी पांढरी भुकटी, झाडाचा काही संबंध नाही. (रिकामी पोती कामगार घरी नेतात, त्यात दादर ज्वारी भरतात. आईनेही भरली आहे, मी बोललो की ऐकत नाही.) शाळेच्या पुस्तकात असल्या मालाला, म्हणजे पॉलिमरला, ‘बहुवारिक’ म्हणतात, शब्द नेमका आहे, पण गेटबाहेर कुणाच्या तोंडी बसला नाही. आमच्याकडे पावडर, नाहीतर दाणा.

आणि सुनबाईंचं ताट? ते एपॉक्सी. दोन बाटल्यांतला माल एकत्र करून ओततात तो. त्यातल्या एका बाटलीतला माल बहुतेक वेळा बिस्फिनॉल-ए नावाच्या रसायनापासून केलेला. बाळाच्या बाटलीत ते नको म्हणून जग ओरडलं, आणि इथे त्यापासून केलेलं ताट देवघरात, वर ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी. ताट वाईट आहे असं नाही. फुलं ठेवा, नैवेद्य वाटीत ठेवा.

‘सगळं एकच’ म्हणणाऱ्याने आमच्याकडच्या चटईच्या कारखान्यात एक दिवस काढावा. चटईचा दाणा पॉलिप्रॉपिलीनचा. त्यात चुकून पाईपचा तुकडा गेला तर त्या तापमानाला पीव्हीसी काळं पडतं, आम्ल सोडतं, आख्खा घाणा वाया. म्हणून भंगार निवडणाऱ्या बायका टबात टाकून बघतात : पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटलीचं पीईटी बुडतं. ही झाली वितळणारी मंडळी, गुळासारखी : तापवा, ओता, पुन्हा तापवा. कुकरचा काळा दांडा, जुना स्विच, ती दुसरी जात. कळण्याची भाकर एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ मळता येत नाही, तसं बेकेलाईट. जळेल, करपेल, वितळणार नाही.

त्रिकोणाचं थोडक्यात आटोपतो. ते आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने भंगार वेगळं करायला सोपं जावं म्हणून काढले, १ म्हणजे पीईटी, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तो आकडा ना विषाची पायरी, ना चांगलेपणाची : १ नंबरच्या पाण्याच्या बाटलीत उकळता चहा ओतून बघा, बाटली आवळून वाकडी होईल. ५ नंबरच्या डब्याला काही होणार नाही.

राहिलं जाळण्याचं. तेवढं सोळा आणे खरं. पीव्हीसी जळताना त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो, डोळे-घसा चुरचुरतात ते त्यानेच, आणि अर्धवट जळालं तर डायॉक्सिन नावाचं विषही. ओळखायची खूण सांगतो : तांब्याची तार लाल तापवा, पाईपला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली तर क्लोरीन आहे.

नाना, परवा विहिरीवर तुम्ही जोड बसवायला पाईपचं तोंड पऱ्हाटीच्या जाळावर काळं पडेपर्यंत धरून बसला होतात. शनिवारी येतोय, कपलर आणि सोल्युशनचा डबा घेऊन येतो.