फॉलने गोल केला म्हणजे लोबेरा फसले?

‘बचावपटूला गोल करावा लागला की समजायचं, कोचचं आक्रमण संपलं.’ आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, बघणाऱ्या आपल्या मंडळींत हे वाक्य इतकं फिरलंय की आता त्याची म्हणच झाली आहे. त्याला एक ठरलेली शेपूटही असते. आधी एफसी गोव्याचे आणि मग मुंबई सिटीचे कोच असलेल्या सर्जिओ लोबेरांचा फुटबॉल नुसता देखणा, मागे घर उघडं. त्यांचा उंच बचावपटू मोर्तादा फॉल, त्याचे हेडर म्हणजे मटका. करंडक विचाराल तर हात रिकामे. आणि मुंबईत जे मिळालं, ते पैशाच्या जोरावर.

आधी माझा पक्ष सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. मी सावंतवाडीचा. आम्हाला मुंबईच्या अंधेरीतल्या मैदानापेक्षा गोव्याचं फातोर्डा जवळ. त्यामुळे जीव एफसी गोव्यावर, आणि लोबेरा मुंबई सिटीला गेले तेव्हा माझ्याही पोटात दुखलं होतं. तरीही वरच्या वाक्यातलं जवळजवळ काहीच पटत नाही. जे एक पटतं, ते त्या वाक्यात नाहीच.

पहिला मुद्दा: बचावपटू गोल करतो, कारण आघाडीच्यांना जमत नाही. आता २०१९-२० चा गोवा बघा. साखळीतल्या १८ सामन्यांत ४६ गोल. आघाडीच्या कोरोचे १४, ह्युगो बुमूसचे ११. जमशेदपूरला ५-० ने हरवून साखळीतलं पहिलं स्थान पक्कं केलं, त्या सामन्यात कोरोने सुरुवात केली, बुमूसने दोन मारले, जॅकीचंदने एक, आणि एक फॉलचा. म्हणजे आघाडीवाले उपाशी होते म्हणून फॉल जेवला असं नाही, पंगतच मोठी होती. मुळात कॉर्नर आणि फ्री-किक आकाशातून पडत नाहीत. तुमचा संघ चेंडू घेऊन समोरच्याच्या दारात ठाण मांडून बसतो, तेव्हा समोरचा घाबरून बाहेर मारतो किंवा पाय घालतो. ब्रँडन आत वळतो, कोरो पाठ लावून उभा, मंदार राव देसाई डावीकडून वर आलेला. अशा वेळी बचावपटू करणार काय? कॉर्नर देणार. मग फॉल सावकाश चालत पुढे यायचा. त्या चालण्यातच समोरच्यांची अर्धी गडबड उडायची: कुणी धरायचं, कुणी अडवायचं, गोलरक्षक हातवारे करतोय, दोघं तिघं त्याच्याभोवती, आणि दुसऱ्या खांबाजवळ भलताच माणूस मोकळा. फॉलने डोकं न लावताही गोल होऊ शकतो तो असा.

मंदारचं नाव आलंच आहे तर सांगतो. तो मूळचा विंगर. लोबेरांनी त्याला डावा बचावपटू केला. लोक म्हणाले, बचाव येत नाही म्हणून विंगर मागे उभा केला. पण हाच तर डाव होता. चेंडू आपल्याकडे असेल तर डावा बचावपटू बहुतेक वेळ पुढेच असणार, मग तिथे पळणारा आणि क्रॉस टाकणारा माणूस का नको?

दुसरा मुद्दा जरा खमंग आहे: बचावपटू पुढे गेला की मागे खिंडार. ऐकायला बिनतोड वाटतो. आकडे मात्र उलटे बोलतात. २०१७-१८ च्या साखळीत गोव्याने ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. तेव्हा फॉल संघात नव्हता. तो २०१८ मध्ये आला. मोरोक्कोत मोघ्रेब तेतुआनकडून लोबेरांच्या हाताखाली खेळलेला असल्यामुळे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. २०१८-१९ च्या त्या मोसमात गोव्याने २० गोल खाल्ले. तेवढेच ३४ गुण मिळवून आपापसातल्या निकालांवर वर राहिलेल्या बंगळुरूने २२ खाल्ले होते. म्हणजे ‘उघड्या घराच्या’ संघाने अव्वल संघापेक्षा कमी खाल्ले. हे सगळं एकट्या फॉलमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण गोल करणारा बचावपटू आला आणि खाल्लेले गोल वाढले, असंही तुम्ही म्हणू शकत नाही.

लोबेरा बाजूला ठेवा. २०२४-२५ चं मोहन बागान घ्या, कोच होजे मोलिना. डावा बचावपटू आणि कर्णधार शुभाशिष बोस, त्याचे त्या मोसमात ६ गोल. संघाने २४ सामन्यांत खाल्ले फक्त १६, गुण ५६. खिंडार कुठे आहे?

खिंडार पडत नाही याला साधं कारण आहे. कॉर्नरला सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, पुढे जातो तेव्हा बाकीचे हात जोडून बघत बसत नाहीत. उंच माणूस पुढे, पळणारे दोघं मधल्या रेषेजवळ, आणि गोलक्षेत्राच्या तोंडाशी एक जण सुटून येणाऱ्या चेंडूवर टपलेला. प्रतिहल्ला अडवायला वेग लागतो, उंची नाही. फॉल तसाही धावण्यात मंद. कॉर्नरच्या वेळी तो मागे थांबला असता तर धोका वाढलाच असता.

तिसरा मुद्दा, मटका. इथे मला लिलियन थुराम आठवतो. १९९८ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत क्रोएशियाविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि फ्रान्स २-१ ने जिंकला. फ्रान्ससाठी तो १४२ सामने खेळला आणि गोल एकूण ते दोनच. त्याला मटका म्हणा, तोही हसून मान्य करेल. पण फॉल आयएसएलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा बचावपटू आहे. गोव्याकडून केले, मुंबईकडून केले, ओडिशाकडून केले. तोच आकडा दरवर्षी लागत असेल तर खेळणाऱ्याला नशीबवान म्हणत नाहीत, त्याला आतली बातमी आहे असं समजतात.

ती बातमी म्हणजे मधल्या फळीतल्या अहमद जाहूचा पाय. २८ फेब्रुवारी २०२१, बांबोळीचं मैदान, करोनामुळे प्रेक्षक नाहीत. एटीके मोहन बागानचे ४० गुण, मुंबईचे ३७. बागानला बरोबरी पुरेशी, मुंबईला जिंकणं भाग. सातव्या मिनिटाला जाहूची फ्री-किक, फॉलचं डोकं, १-०. मग ओगबेचेने दुसरा टाकला आणि साखळीत पहिला येणाऱ्याला मिळणारी ढाल मुंबईकडे आली. मी घरी टीव्हीसमोर होतो, रिकाम्या स्टेडियममधला चेंडूवर डोकं आपटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मोसमातल्या सर्वांत मोठ्या साखळी सामन्याच्या सातव्याच मिनिटाला हे होतं, तेव्हा ते आठवडाभर घोटवलेलं असतं.

लोबेरा बार्सिलोनात तयार झालेले, हेही लक्षात घ्या. त्या क्लबने पहिला युरोपियन कप जिंकला तो १९९२ मध्ये, वेम्बलीवर, सांपदोरियाविरुद्ध. कोच योहान क्रायफ, आक्रमणाचे महंतच. आणि जादा वेळेत, ११२ व्या मिनिटाला फ्री-किकवर एकमेव गोल कुणाचा? रोनाल्ड कोमनचा. बचावपटू. त्या रात्री ‘क्रायफचं आक्रमण संपलं’ असं बार्सिलोनात कुणी म्हटलं असेल, तर तो घरी कसा पोचला याची मला काळजी वाटते.

चौथा: करंडक कुठे? एप्रिल २०१९ मध्ये भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ ने हरवून गोव्याने सुपर कप घेतला, तेव्हा कोच लोबेराच होते. पुढच्या मोसमातली ढाल त्यांच्या नावावर धरायची की नाही, यावर वाद घाला. साखळीचे तीन सामने उरलेले असताना क्लबने त्यांना काढलं, आणि क्लिफर्ड मिरांडांनी संघ पलीकडे नेला. माझ्या मते पंधरा सामने ज्याने खेळवले त्याचा वाटा मोठा. मग २०२०-२१ मध्ये मुंबई: साखळीची ढालही आणि अंतिम सामन्याचा करंडकही. एकाच मोसमात दोन्ही घेणारा तो पहिला संघ.

याच मुद्द्यात लोक हुकमाचा पत्ता काढतात: फेब्रुवारी-मार्च २०२० ची उपांत्य फेरी, गोवा विरुद्ध चेन्नईयिन. चेन्नईत ४-१ ने हरलो, फातोर्ड्यात ४-२ ने जिंकलो, एकूण ६-५ ने बाहेर. ‘बघा, आक्रमक संघाचं असंच होतं.’ एक तर तेव्हा लोबेरा नव्हते. दुसरं म्हणजे त्या अकरा गोलांची यादी एकदा नीट वाचा. चेन्नईयिनकडून पहिल्या सामन्यात लुसियन गोइयान आणि एली साबिया, दोघेही सेंटर-बॅक. गोव्याचा एकमेव गोल सेव्हियर गामाचा, तोही बचावपटू. दुसऱ्या सामन्यात गोइयानने स्वतःच्याच जाळ्यात मारला आणि फॉलने दोन केले. अकरापैकी पाच गोल बचावपटूंचे, सहावा बचावपटूचा स्वयंगोल. बचावपटूचा गोल ही हरल्याची खूण असेल, तर त्या लढतीत दोन्ही संघ हरले म्हणायचे.

मी होतो फातोर्ड्यात. विसाव्या मिनिटाच्या सुमारास फॉलने २-० केला आणि एकूण फरक एका गोलावर आला, तेव्हा माझ्या शेजारचे काका, तोपर्यंत ‘हे पोर मागं कोण सांभाळणार’ म्हणून कुरकुरणारे, खुर्चीवर चढले होते. मग छांगटेने मारला, वाल्सकिसने मारला आणि काका खाली बसले. शेवटी बेदिया आणि पुन्हा फॉल. एक गोल कमी पडला. काका जाताना एवढंच म्हणाले, ‘अजून धा मिनिटं हवी होती.’ मागे कोण सांभाळणार हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

पाचवा, पैसा. यात तथ्य आहे आणि ते झाकायचं कारण नाही. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबईत बहुमताचा हिस्सा घेतला. लोबेरांच्या मागोमाग फॉल, जाहू, बुमूस, मंदार असे गोव्याचे चार खांब तिकडे गेले. श्रीमंत घरात संसार सोपा असतो, हे खरंच. पण मग याच मंडळींचा गोव्यातला खेळ कशाने झाला होता? मुंबईने विकत घेतली ती आधीच चाललेली गोष्ट होती. पैशाने जाहू मिळतो, जाहूचा चेंडू कुठे पडणार हे फॉलला कळायला दोन मोसम लागतात.

आता जे मला खटकतं ते. लोबेरांच्या खेळाला भोक आहेच, फक्त लोक बोट दाखवतात तिथे नाही. ते कॉर्नरला नसतं, ते स्वतःच्या गोलक्षेत्रासमोर असतं, जिथे चेंडू लांब न मारता पायापायातून बाहेर काढायचा हट्ट असतो. मार्च २०२१ चा मुंबई विरुद्ध एटीके मोहन बागान अंतिम सामना आठवा. अठराव्या मिनिटाला जाहू चेंडू घेऊन रेंगाळला, रॉय कृष्णाने तो हिसकावला, डेव्हिड विल्यम्सने जाळ्यात घातला. फॉल तेव्हा आपल्या जागेवर होता. जागा सोडली होती ती कुणीच नाही, सोडला होता चेंडू. मुंबई पुढे जिंकली ती बागानच्या तिरीचा स्वयंगोल आणि शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल यांवर, आणि बिपिनच्या गोलाआधी चूक बागानच्या गोलरक्षकाची. टीका करायचीच तर या रेंगाळण्यावर करा. मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

आणि बचावपटूचा गोल काय असतो हे मला शिकवलं ते फॉलने नाही. १७ मार्च २०१९, अंधेरीचं मैदान, गोवा विरुद्ध बंगळुरू, अंतिम सामना. आम्ही सहा जण रात्रीच्या गाडीने गेलो होतो. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेत जाहूला दुसरं पिवळं कार्ड, गोवा दहावर. ११७ व्या मिनिटाला डिमास डेलगाडोचा कॉर्नर आणि राहुल भेकेचं डोकं. मुंबईचा पोरगा, बचावपटू, आणि आमच्या मोसमाचा निकाल लावून गेला. परतीच्या गाडीत कोलाडपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही.

तीन वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, तोच भेके मुंबई सिटीकडून रियाधला खेळत होता. एएफसी चॅम्पियन्स लीग, समोर इराकचा हवाई दलाचा क्लब. मुंबई त्या स्पर्धेत होती ती बांबोळीच्या त्या ढालीमुळे. आधी ०-१, मग दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली, आणि ७५ व्या मिनिटाला जाहूचा कॉर्नर. भेकेने डोकं घातलं. २-१. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला पहिला सामना. कोच तेव्हा डेस बकिंगहॅम होते, लोबेरा गेलेले. अंधेरीला माझ्याबरोबर आलेल्यांपैकी एकाचा लगेच फोन आला. ‘बघितलंस? आपला तोच हरामखोर.’

दोघंही हसत होतो.