पद्मिनी, नाताळ आणि उतरलेली बॅटरी

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एका भाऊंच्या डोक्यात परवा एक कल्पना आली. पुढच्या डिसेंबरात जुन्या गाड्या जमवायच्या, माणशी तिकीट लावायचं आणि रात्री जळगाव-भुसावळची ख्रिसमसची लायटिंग दाखवून आणायची. "परदेशात करतात की! आणि तुमची पद्मिनी आहेच, वहिनी. पहिली गाडी तुमची." आम्ही २४ तारखेला गाडी घेऊन भुसावळला गेलो होतो, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यातून हे निघालं. आमचे हे असे फुलले, जणू गाडीला स्थळच सांगून आलं.

मी तिथे काही बोलले नाही. थंडी होती आणि तोंडावर मफलर होता. आता लिहिते.

परदेशात करतात हे खरं. मी बसलेय त्यात. २०२३ च्या डिसेंबरात लेकीकडे लंडनला होते, तिने मला न विचारता बुकिंग करून टाकलं. किती पाउंड गेले ते ह्यांना अजून माहीत नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली ती जुनी मिनी, इंग्लंडातली चिमुकली मोटार. १० फूट लांब, चाकं आपल्या चेतक स्कूटरएवढी, १० इंची. मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. आत थर्मल, त्यावर साडी, त्यावर स्वेटर, त्यावर लेकीचा कोट, एवढा ऐवज घेऊन मी मागच्या सीटवर कशी शिरले ते माझं मलाच माहीत.

ड्रायव्हर बोलका होता. १९५६ ला सुएझ कालव्याची भानगड झाली, इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आलं, तेव्हा कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी म्हणून अलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनिअरने ही काढली. १९५९ ला बाजारात आली. इंजिन आडवं बसवलंय म्हणून एवढ्याशा गाडीत चार माणसं आरामात मावतात, असं तो म्हणाला. 'आरामात' म्हणताना त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

रीजंट स्ट्रीटला वळलो तेव्हा मात्र मी गप्प झाले. या इमारतीपासून त्या इमारतीपर्यंत, रस्त्याच्या वर, पंख पसरलेले उजेडाचे देवदूत. एकामागे एक, रस्ता वळतो तसे तेही वळत गेलेले. या रस्त्यावर १९५४ पासून नाताळात दिवे लागतात, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ पासून. म्हणजे ऑक्सफर्ड स्ट्रीटचे दिवे आणि मिनी, जन्मसाल एकच. सुरुवात व्यापाऱ्यांनी केली, गिऱ्हाईक यावं म्हणून. त्यात पवित्र-बिवित्र काही नाही, आपल्या दाणा बाजाराने दिवाळीला कमान उभारावी तसंच.

ट्रॅफिक इतकं की पायी चालणारे आमच्या पुढे जात होते. आत चौघांचा श्वास, काचा धुरकट. ड्रायव्हरने पुढून एक पिवळं फडकं दिलं आणि खुणेनेच सांगितलं, पुसा. मी पुसायची, बाहेरचा देवदूत स्वच्छ दिसायचा, मिनिटभरात पुन्हा काच भरायची आणि त्याचा नुसता पांढरा डाग उरायचा. खरं सांगू? पुसलेल्या काचेतून दिसला त्यापेक्षा तो डागच मला जास्त आवडला. नंतर नंतर मी पुसायचं सोडून दिलं.

ट्रॅफल्गार चौकातल्या झाडाचं मात्र हसू आलं. ते ओस्लो शहराकडून दरवर्षी भेट येतं, १९४७ पासून. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचा राजा लंडनमध्ये आसऱ्याला होता, त्या मदतीची आठवण म्हणून. आपण चित्रात बघतो तसं भरगच्च, गोळे-चांदण्या लावलेलं झाड नव्हे. नॉर्वेच्या पद्धतीने दिव्यांच्या माळा वरून खाली सरळ सोडलेल्या, बस. तुळशीच्या लग्नात उभ्या केलेल्या उसासारखं दिसतं. झाड किडकिडीत आलं म्हणून लंडनवाले दरवर्षी कुरकुर करतात म्हणे. आहेराला नावं ठेवणारे सगळीकडे सारखेच.

पण या पोस्टचं कारण ती सफर नाहीच. कारण आहे त्यानंतरचे तीन आठवडे. १२ जानेवारीला खरेदीसाठी पुन्हा त्याच रीजंट स्ट्रीटला गेलो. वर पाहिलं तर काही नाही. मोकळं आभाळ. लग्नाचा मांडव उतरवल्यावर अंगण दिसतं ना, तसा रस्ता. लेक म्हणाली, सहा जानेवारीनंतर घरात सजावट ठेवली तर अपशकुन मानतात इथे. शेजारच्या म्हातारीने पाच तारखेलाच दारावरचं सगळं काढलं होतं आणि एकेक माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवत बसली होती.

मला एकदम भुसावळ आठवलं.

माझं माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत फिटर, त्यामुळे बालपण क्वार्टरमध्ये. आमच्या ओळीत दोन अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यातले अंकल वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर. "हा आपला सण आहे का?" असं विचारणाऱ्यांना सांगते, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही. आमच्याकडून त्यांना दिवाळीचं ताट, त्यांच्याकडून आम्हाला कलकल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, आणि केक. अंकल डिसेंबर लागला की बांबूच्या कामट्यांची चांदणी करायचे, वर पतंगाचा लाल कागद, आत ४० वॉटचा बल्ब. बल्ब कागदाला टेकला की करपल्याचा वास यायचा आणि आंटी आतून ओरडायच्या. बाकी सगळी कॉलनी अंधारात. खांबावर एखादा मिणमिणता दिवा. त्या अंधारात ती लाल चांदणी पार रुळांपलीकडून दिसायची. ३१ तारखेला रात्री १२ ला शेडमधली इंजिनं एकदम शिट्ट्या द्यायची आणि आम्ही पोरं गोधडीत दचकून उठायचो. मग एक दिवस चांदणी उतरायची. कागद फाडून चुलीत, कामट्या माळ्यावर, बल्ब परत न्हाणीघरात. हो, तो न्हाणीघरातलाच बल्ब असायचा!

पुढे नोकरीत दोन वर्षं नवापूर तालुक्यात काढली. तिथल्या आदिवासी ख्रिस्ती पाड्यांवर अजूनही नाताळ असाच दिसायचा. उंच बांबूवर एक चांदणी, खाली अंगणात शेकोटी, आणि एका घरून दुसऱ्या घरी गाणी म्हणत जाणारी पोरं. चांदणी कोणत्या पाड्याची हे दोन किलोमीटरवरून ओळखायचं.

आता शहराकडे बघा. रस्त्यावरच्या प्रत्येक खांबाला तिरंगी एलईडीच्या पट्ट्या गुंडाळल्यात. स्वातंत्र्यदिनाला लावल्या, चांगलं केलं. पण त्या काढल्याच नाहीत! गणपती, दिवाळी, नाताळ, होळी, त्या आपल्या जळताहेत. अर्ध्या बंद पडल्यात, एखाद्या खांबावर नुसतं हिरवं उरलंय. लग्नाच्या लॉनवाल्यांचे शार्पी लाइट, ते फिरणारे झोत, आभाळ ढवळतात. एका हॉटेलच्या दारातलं प्लास्टिकचं झाड तर मागच्या वर्षीचंच आहे, जूनच्या पावसातही ते लुकलुकत होतं. एवढा उजेड वर्षभर अंगावर असताना नाताळला वेगळं काय लावणार आणि कुणाला दिसणार? वीज आपल्या दीपनगरलाच होते, ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत तिथे, म्हणून ती काय रात्रभर खांबांवर ओतायची?

माझं म्हणणं एवढंच आहे भाऊ, की तिकीट लावण्याआधी बघण्यासारखं काही शिल्लक ठेवा. लावता येतं तसं उतरवताही आलं पाहिजे.

गाडीचंही तेच. आमची पद्मिनी १९७५ ची. सासऱ्यांनी नंबर लावून, वाट बघबघून घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, आणि दाराला ती तिकोनी काच, जी उघडली की वारा थेट कानात. कुर्ल्याला बनायच्या या गाड्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली तेव्हा ह्यांनी त्या दिवशी जेवताना एक शब्द काढला नाही. आमची ती वर्षात चार-पाच वेळा निघते. बाकी दिवस जुन्या चादरीखाली. चादर काढली की गल्लीतली पोरं जमतात. रोज काढली तर कोण बघणार आहे तिच्याकडे? फार तर मागचा हॉर्न वाजवेल.

आणि भाऊ, कायद्याचंही बघा. २०२१ ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांच्या वरची, मूळ रूपात ठेवलेली, घरगुती वापरातली गाडी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार फी. पण तशी नोंदवली की ती रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला न्या, एवढंच. धंद्याला नाही, रोजच्या फिरण्यालाही नाही. आमची आता ५० ची झाली, म्हणून ह्यांचं त्यावर वाचन चालू आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन या नियमावर नाराज आहेत. मला तो आवडला. कुणीतरी, चुकून का होईना, असं लिहून ठेवलं की काही गोष्टी प्रसंगालाच बाहेर काढायच्या.

लंडनच्या त्या ड्रायव्हरचं हे रोजचंच काम, हे मान्य. म्हणूनच तो ट्रॅफल्गारजवळ जांभई देत होता आणि सुएझची गोष्ट पाठ केल्यासारखी म्हणत होता. मजा मला आली, त्याला नव्हे.

आता २४ तारखेचं सांगते. फोटोत सगळं छान दिसतंय, पण फोटो काय घडलं ते सांगत नाहीत. रात्री आठला निघालो. हे, मी, धाकटी जाऊ आणि तिची दोन पोरं. नशिराबादपर्यंत हायवेने जीव नकोसा केला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे पांढरे लाइट अप्परवर. हे बिचारे डिप्पर देताहेत, पण आमच्या दिव्याचा डिप्पर समोरच्याला काजवा वाटत असावा. भुसावळात शिरलो, कॉलनीकडे वळलो आणि सगळं निवलं. तिथे अजून झाडं आहेत, अंधार आहे. बंगल्यांवर चांदण्या होत्या. आता कागदी नाहीत, पण होत्या. आमच्या पद्मिनीचा उजेड पिवळट आणि दहा पावलांचा, त्यामुळे वर टांगलेलं सगळं दिसत होतं. नव्या गाडीने आलो असतो तर आपल्याच लाइटचा झोत बघत बसलो असतो. माझ्या जुन्या क्वार्टरसमोर गाडी उभी करायला लावली. तिथे चांदणी नव्हती. कुलूप होतं.

चर्चजवळ गर्दी. पाच मिनिटं पुढे, दहा मिनिटं उभं. जुन्या गाडीत डायनामो असतो. इंजिन मंद चाललं की तो बॅटरीला काही देत नाही आणि दिवे बॅटरीतून खात राहतात. उभे राहिलो की दिवे निखाऱ्यासारखे व्हायचे, ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा फुलायचे. पोरांना तो खेळच झाला. "काका, श्वास घेतेय ती!" तासभर श्वास घेतला आणि बरोबर चर्चच्या फाटकासमोर इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला, नुसतं कट्. पुन्हा कट्.

मागे रांग. हॉर्न. मी साडी खोचून उतरले. तेवढ्यात सांताक्लॉजच्या टोप्या घातलेली पाच-सहा पोरं धावत आली. "काकू, तुम्ही बसा." ह्यांनी सेकंड गिअर टाकला, पोरांनी धक्का दिला, ह्यांनी क्लच सोडला, गाडीने एक हिसका दिला आणि धडधडली. त्यातला एक, अमळनेरकडचा असावा, हात वर करून अहिराणीत ओरडला, "व्हयनी रे व्हयनी!" म्हणजे झाली रे झाली! आतमध्ये प्रार्थना चालू होती, फाटकावरच्या आजीने ओठांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच हसल्या.

परत येताना ह्यांनी हायवेवर एकदाही गाडी थांबवू दिली नाही. पोरांना लघवी लागली तरी.

काल सहा तारीख होती. मी गॅलरीतली कागदी चांदणी उतरवली. हो, मी लावते, गेली दोन वर्षं. कामट्या कपाटावर ठेवल्या. खाली हे गाडीवर चादर घालत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणीतरी प्री-वेडिंग शूटसाठी पद्मिनी दिवसभर भाड्याने मागत होतं, पैसेही बरे देत होतं. मी वरून कान देऊन उभी.

हे दोन सेकंद गप्प राहिले. मग म्हणाले, "बॅटरी उतरलीय हो तिची."

नवी बॅटरी शनिवारीच बसवलीय.