दहा वर्षं बोगद्याला नाही लागली

आज संध्याकाळी चर्चगेटच्या मेट्रो स्टेशनात सरकत्या जिन्यावर मागचा माणूस मित्राला सांगत होता, "एक बोगदा खणायला ह्यांना दहा वर्षं लागली. चीनमध्ये दोन वर्षांत झाला असता." मित्राने मान डोलावली. तिथे गप्प बसलो, म्हणून आता इथे लिहितोय. लांब आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

मेट्रो ३ म्हणजे कफ परेड ते आरे, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. पहिलं बोगदा खणणारं मशीन उतरलं २०१७ च्या उत्तरार्धात, माहीमला नया नगरमध्ये. खणून पलीकडे सगळ्यात आधी बाहेर पडलं ते दुसरं एक मशीन, सप्टेंबर २०१८ मध्ये, मरोळच्या पाली मैदानापासून विमानतळाच्या टी-२ पर्यंत. शेवटचं, बेचाळिसावं ब्रेकथ्रू (म्हणजे मशीनने खडक फोडून पलीकडे बाहेर येणं) महालक्ष्मीला नोव्हेंबर २०२२ मध्ये. सतरा मशीनं, जाण्यायेण्याचे दोन्ही बोगदे धरून पन्नास किलोमीटरच्या वर खोदाई, आणि मधे कोविड. करा हिशोब. पाच वर्षं.

आणि ही पाच वर्षं कशात गेली? मुंबईखाली बेसॉल्ट आहे हे शाळेत शिकवतात, पण तो एकसंध नाही. मधे ब्रेशिया (खडकाच्या तुकड्यांचा चिकटून झालेला खडक) येतो, टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) येतो, कुजलेल्या खडकाचे थर येतात, कफ परेडला तर वर भराव आणि समुद्राचा चिखल. सगळा टणक खडक असेल तर मशीन खूश. सगळी माती असेल तरी चालतं. वाट लागते ती अर्धं-अर्धं असलं की. मशीनच्या तोंडावरच्या चकत्या, म्हणजे डिस्क कटर, वर मातीत नुसत्या घसरतात आणि खाली खडकावर आपटतात. एकीकडूनच झिजतात. मग मशीन थांबवायचं, वेळप्रसंगी पुढच्या कप्प्यात हवेचा दाब देऊन पाणी मागे रेटायचं, आणि माणसांनी आत शिरून ते अवजड कटर बदलायचे. दाबातून बाहेर येतानाही हळूहळू यायचं, पाणबुड्या माणसांसारखं. याचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या अस्तराची एक रिंग कशी बसते बघा. साडेसहा मीटरच्या वर व्यास, एका खेपेला दीडेक मीटर पुढे. मग काँक्रीटचे सहा तुकडे गोलात बसवायचे, शेवटचा पाचरीसारखा. त्याच रिंगला जॅक टेकवून मशीन स्वतःला पुढे ढकलतं. रिंग आणि खडक यांच्यात दहा-पंधरा सेंटिमीटरची फट राहते, तिच्यात लगेच ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गिलावा, भरायचं. उशीर केला की वरची जमीन बसते, आणि वर कुणाची तरी शंभर वर्षांची चाळ असते. एका रिंगला साधारण ५० घनमीटर खडक निघतो, फुटल्यावर फुगून ७५-८० होतो. म्हणजे सहा-सात डंपर. दिवसाला दहा रिंगा बसवायच्या तर साठ-सत्तर डंपर, एका मशीनचे. दक्षिण मुंबईत दिवसा, ऐन गर्दीत, हे डंपर कुठून नेणार? रात्रीच ना?

ऑगस्ट २०१७ मध्ये कफ परेडला रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद, असा हायकोर्टाचा आदेश आला. पुढच्या वर्षी तो सैल झाला. तिथल्या लोकांची झोप उडत होती हे खरं, मान्य. पण मशीन हा काही मिक्सर नाही बटण दाबून बंद करायला. पुढच्या कप्प्यातला दाब धरून ठेवावा लागतो, पाणी उपसत राहावं लागतं. जिन्यावरच्या साहेबांना सांगायला हवं होतं की त्यांच्या दहा वर्षांत ह्या रात्रीही आहेत.

काळबादेवी आणि गिरगाव ह्या दोन स्टेशनांबद्दल मात्र मी आवाज चढवणार नाही. इतर स्टेशनं बहुतेक वरून खड्डा खणून झाली. आधी बाजूच्या भिंती, म्हणजे पाइल, खडकापर्यंत उतरवायच्या, वर पोलादी डेक टाकून वाहतूक चालू ठेवायची, आणि खाली खणत जायचं. आठ डब्यांची गाडी म्हणजे फलाटच १८० मीटरचा, स्टेशनची पेटी त्याहून लांब. जगन्नाथ शंकरशेठ रोडवर एवढा खड्डा बसणार कुठे? म्हणून तिथे नाटम (NATM) पद्धत, म्हणजे वरून न उघडता आतूनच खणत जायचं. अरुंद विहिरीतून उतरायचं, खडक थोडाथोडा फोडायचा, लगेच काँक्रीट फवारायचं, बोल्ट ठोकायचे, जाळीची कमान लावायची, मग पुढचा तुकडा. वर प्रत्येक इमारतीवर झुकाव मोजणारी यंत्रं, भिंतीतल्या भेगेवर गेज. मिलिमीटरवर नजर. आतश बेहरामांखालून, म्हणजे पारशांच्या मोठ्या अग्निमंदिरांखालून, जाण्याबद्दल पारशी मंडळी २०१८ मध्ये कोर्टात गेली. पवित्र अग्नीचं जमिनीशी असलेलं नातं तुटेल ही त्यांची भीती. कोर्टाने अटी घालून परवानगी दिली. मला ती याचिका कधीच आडमुठी वाटली नाही. शंभर वर्षं जपलेल्या गोष्टीखालून कुणी मशीन नेणार असेल तर माणूस विचारणारच.

आणि गिरगावातली घरं. इमारती पाडल्या, लोक भाड्याच्या जागांत गेले, आणि के-३, जी-३ ह्या पुनर्वसनाच्या इमारती मागाहून. बोगद्यांची शेवटची भिंत फुटल्याच्या बातम्या झाल्या तेव्हा ही माणसं अजून घराची वाट बघत होती. जिन्यावर "दहा वर्षं" म्हणून हळहळायचंच असेल तर ह्यांच्यासाठी हळहळा.

आता आरेतला डेपो, म्हणजे कारशेड. आपल्यापैकी कुणालाही ते रात्रीचं झाडं कापणं विसरता आलेलं नाही, पुन्हा सांगत नाही. शुक्रवारी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, हायकोर्टाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, रात्री करवती सुरू, सोमवारी सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २१४१ झाडं गेली होती. नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने कारशेडचं काम थांबवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, डिसेंबरमध्ये त्या जागेवर हायकोर्टाची स्थगिती. जून २०२२ च्या शेवटी पुन्हा सरकार बदललं, पुन्हा आरे. म्हणजे झाडंही गेली आणि जवळपास तीन वर्षंही गेली. दोन्ही! कोणत्याही बाजूच्या माणसाला याचा राग यायला हवा.

कारण डेपो म्हणजे नुसतं गाड्यांचं पार्किंग नव्हे. खालून तपासायला पिट लागतात, चाकं गोल करायला जमिनीतलं लेथ लागतं, धुण्याची सोय, रात्री गाड्या उभ्या करायचे रूळ, तिथूनच बोगद्यात उतरणारा रॅम्प. मेट्रो ३ ला ३१ गाड्या ठरलेल्या. पहिली गाडी ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हा तिची चाचणी सारिपुतनगरच्या तात्पुरत्या शेडमधून करावी लागली.

खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला, आणि त्यातला प्रत्येक रुपया काही कोर्टामुळे किंवा डेपोमुळे वाढला नाही, हेही कबूल.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते घाईमुळे. होय, घाई! आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४, बीकेसी ते आचार्य अत्रे चौक मे २०२५, उरलेला कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५. मधला टप्पा ९ मे ला उघडला. २६ मे ला पाऊस लवकर आला आणि अत्रे चौक स्टेशनात पाणी. बोगदा फुटला नव्हता, तरी फोटो बघून लोकांनी तसंच धरलं. अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवायची तात्पुरती भिंत होती, ती कोसळली. भुयारी स्टेशनचं पाणी रोखायची जागा खाली पंपात नसते, वर फुटपाथवर असते. प्रवेशद्वाराचा चौथरा रस्त्याच्या पुरापेक्षा उंच हवा, पायऱ्या आधी चढून मग उतरायच्या हव्या, वेळ आली तर फळ्या बसवायला खाचा हव्यात. पंप असतात ते गळतीसाठी आणि आगीच्या पाण्यासाठी, अख्ख्या रस्त्याच्या लोंढ्यासाठी नाहीत. एक तोंड अपुरं असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर ते स्टेशन उघडायचं नाही, एवढं साधं आहे. एक स्टेशन अलीकडे, वरळीपर्यंतच गाडी चालवली असती तर काय बिघडलं असतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मेट्रो ११ ला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालीय. आणिक डेपो, वडाळा ते गेट वे, साडेसतरा किलोमीटर, एक स्टेशन सोडून सगळी पुन्हा जमिनीखाली, पुन्हा जुन्या इमारतींच्या पायाखालून. मशीन मागवण्याआधी डेपोच्या जागेचा कागद पक्का आहे का आणि उठवल्या जाणाऱ्या घरांच्या बदलीच्या इमारतीचा पाया भरला का, हे दोन प्रश्न आत्ताच विचारा.

कॉमेंटमध्ये शांघायचे फोटो टाकू नका. काढून टाकेन.