महिन्यात १० किलो? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

खेळाडूंच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय. बारीक खेळाडूनं महिन्याभरात १० किलो वजन कसं वाढवायचं, ते त्यात सांगितलंय. तीन वेळा पोट तुडुंब भरेस्तोवर जेवा, गोड-तळलेलं काहीही चालेल, मधे खाऊन भूक मारू नका, महिनाभर व्यायाम बंद ठेवा. वजनं तर उचलूच नका, कारण अंग जड होतं आणि उंची खुंटते. जोडीला गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा. मी तरुण खेळाडूंना वजनं उचलायला शिकवतो. माझ्याकडच्या मुलांनी हा मेसेज खरा मानला म्हणून काळजी वाटली आणि लिहायला बसलो.

आधी त्या १० किलोंचं बघू. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. म्हणजे महिन्यात १० किलोंसाठी रोज गरजेपेक्षा अडीच हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. इतकं पोटात गेलं तरी स्नायू त्या वेगानं बनत नाहीत. नॉर्वेत ३९ अव्वल खेळाडूंवर ८ ते १२ आठवडे एक प्रयोग झाला. दोन्ही गटांनी वजनं उचलली. एका गटाला आहाराचं मार्गदर्शन देऊन जास्त खायला लावलं, दुसरा आपल्या भुकेप्रमाणे जेवला. जास्त खाणाऱ्यांचं वजन जास्त वाढलं हे खरं, पण त्यांची चरबी १५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यांची ३ टक्क्यांनी. स्नायूंच्या वाढीत ठोस म्हणावा असा फरक नव्हता. आणि दोन गटांच्या खाण्यातलं अंतर होतं दिवसाला जेमतेम सहाशे कॅलरींचं! मग अडीच हजारांचं काय होईल?

म्हणून मी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का इतकीच वाढ धरतो. ६० किलोच्या मुलीसाठी ती १५० ते ३०० ग्रॅम झाली. त्यासाठी रोज साडेतीनशे ते पाचशे कॅलरी जादा मिळाल्या की पुरतं. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, पण खरा आकडा हाच आहे.

‘काहीही खा’ हेही चूक. अमेरिकेत लुइझियानातल्या एका संस्थेत २५ जणांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलं होतं. त्यांचे तीन गट केले. सगळ्यांना जादा कॅलरी सारख्याच, प्रथिनं मात्र गटागटात कमी-जास्त. चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. पण ज्यांना प्रथिनं फार कमी मिळाली, त्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे ७०० ग्रॅमनी घटलं. इतकं खाऊन! खेळाडूला दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोला ९५-९६ ग्रॅम.

आता मधल्या खाण्याचा मुद्दा. इथे हा मेसेज सर्वात जास्त नुकसान करतो. जोरदार सरावानंतर भूक बऱ्याचदा मरते, शाळा-कॉलेजात वेळ जातो, आणि तीन जेवणांत सगळं कोंबायला गेलं की पोट जड होऊन पुढचा सराव बिघडतो. बारीक राहणाऱ्या मुलांना ‘तुला लागतच नाही’ असं म्हणतात. त्यांच्या खाण्याची नोंद ठेवायला लावली की बहुतेकदा दिसतं ते असं, की एखाद्या दिवशी भरपूर आणि पुढचे दोन दिवस निम्मंच. मधलं खाणं ही दरी बुजवतं. पाव लिटर सायीचं दूध, एक केळं आणि दोन मोठे चमचे पीनट बटर एकत्र फिरवलं की साडेचारशेच्या आसपास कॅलरी आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं झाली. दिवसाची जादा गरज एका ग्लासात! चावून खायचा कंटाळा येतो तेव्हा पिणं सोपं जातं. बॅगेत मूठभर शेंगदाणे किंवा बदाम आणि दोन उकडलेली अंडी असली तरी काम होतं. प्रथिनं दिवसभर विभागून घेण्यातही फायदा आहे. व्यायामानंतरच्या बारा तासांत ८० ग्रॅम प्रथिनं वेगवेगळ्या प्रकारे देऊन पाहिली, तेव्हा दर तीन तासांनी २० ग्रॅम घेणाऱ्यांच्या स्नायूंत नवी प्रथिनं सर्वात जास्त तयार झाली. एकदम ४० ग्रॅम दोनदा, किंवा १० ग्रॅम आठ वेळा, हे दोन्ही मागे पडले. झोपण्यापूर्वी दूध किंवा दही घ्यायलाही हरकत नाही.

व्यायाम बंद ठेवायचा सल्लाही मला तितकाच घातक वाटतो. स्नायूवर ताण आला नाही, तर जादा अन्नाचा मोठा वाटा चरबीतच जाणार. आठवड्यात दोन-तीन दिवस स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं) हे मोठे व्यायाम करा आणि दर काही दिवसांनी वजन किंवा रेप्स (एका दमात ते किती वेळा उचललं) थोडे वाढवा. वेग जातो म्हणता? धावताना जमिनीला ढकलतो तो स्नायू. चरबी ढकलत नाही, ती वाहून न्यावी लागते. अंग जड करणारं काही असेल तर तो हा महिनाभराचा आराम.

उंचीची भीती जुनी आहे. जाणकाराच्या देखरेखीत, योग्य पद्धतीनं केलेल्या व्यायामानं वाढ खुंटते याला आधार नाही.

गेनरच्या डब्यात बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन (पटकन पचणारा पिष्टमय पदार्थ) आणि साखर असते. तेवढी ऊर्जा दूध-केळ्यातूनही मिळते. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेनं १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडसदृश पदार्थ सापडले; ही माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. डोपिंगच्या नियमांत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. शरीरात सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडेच न्यायची. नीट खाऊनही वजन उतरत असेल, किंवा मुलीची पाळी तीन महिने आली नसेल, तर थांबू नका. सरावाच्या मानानं अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

बाकीच्यांनी आठवड्यातून तीनदा सकाळी वजन करून सरासरी काढावी, कंबर मोजावी आणि बारवर (वजनं लावायच्या लोखंडी दांड्यावर) किती वजन उचललं ते वहीत लिहावं. दोन आठवड्यांत काटा हललाच नाही, तर मधलं एक खाणं वाढवा. कंबर वाढतेय आणि बारवरचं वजन तिथंच आहे, तर तेच खाणं कमी करा.