माशालाही कॅन्सर होतो

एक मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा : ‘माशांना कॅन्सर होतच नाही, तरी शास्त्रज्ञ झेब्राफिश या छोट्या माशावर कॅन्सरचं संशोधन करतात. मासा कुठे, माणूस कुठे! यातून आजवर एक औषध निघालेलं नाही. सगळा पैसा पाण्यात.’ पाठवणाऱ्यांत माझी एक मैत्रीण होती. तिच्या वडिलांची केमो चालू आहे. म्हणून उत्तर लिहायला बसले.

पहिलं वाक्यच चूक. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यपैदास केंद्रांत रेनबो ट्राउट माशांना यकृताचा कॅन्सर अक्षरशः साथीसारखा झाला. दोष निघाला खाद्यात. सरकीच्या पेंडीला बुरशी आली होती आणि त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन होतं. आपल्याकडे ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी धरते, तिच्यातलं हेच विष माणसाच्या यकृतालाही कॅन्सर करतं. झेब्राफिशच्या यकृतात रसायनामुळे गाठी होतात, हे तर १९६५ सालीच नोंदलं गेलंय.

‘मासा कुठे, माणूस कुठे’ हे चटकन पटतं, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर. कॅन्सर म्हणजे पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटणं, आणि हा ताबा ठेवणारी जनुकं फार जुनी आहेत. २०१३ साली झेब्राफिशचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोड त्यात सापडली. रोगांशी संबंध असलेल्या जनुकांपुरतं पाहिलं तर ८२ टक्के. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये माणसात वारंवार बिघडलेलं सापडतं ते बीआरएएफ जनुक. २००५ साली ते त्याच बिघाडासकट या माशात घातलं, तेव्हा अंगावर फक्त तीळ उठले. पी५३ हे राखणदार जनुकही निकामी असलेल्या माशांत मात्र मेलॅनोमा झाला. माणसाच्या तिळांतही बीआरएएफचा हाच बिघाड अनेकदा असतो आणि बहुतेक तीळ जन्मभर तीळच राहतात.

मग एवढ्या पेशींतून एखादीच का बिथरते? अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांच्या एका गटाने माशाच्या गर्भावस्थेत चालू असणाऱ्या आणि नंतर बंद पडणाऱ्या एका जनुकाला हिरवा उजेड जोडला, म्हणजे ते जनुक चालू असेल तर पेशी हिरवी चमकते. मोठ्या माशात तो उजेड विझलेला असायला हवा. एके ठिकाणी एकच पेशी हिरवी चमकली, आणि पुढे तिथेच गाठ वाढली. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. गाठीची पहिली पेशी जिवंत प्राण्यात डोळ्यांनी दिसली! उंदराच्या केसाळ कातडीखाली हे पाहणं फार अवघड.

औषधाबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे. संधिवातावरचं लेफ्लुनोमाइड हे औषध मेलॅनोमावर चालेल का, हा प्रश्न २०११ मध्ये या माशाच्या पिल्लांमुळे पुढे आला आणि रुग्णांवरच्या चाचणीपर्यंत गेला. पण ते मेलॅनोमाचं मान्य औषध झालेलं नाही. माशाला फुप्फुसं नाहीत, स्तन नाहीत, आणि तो वाढतो २८ अंशांच्या पाण्यात, म्हणजे माणसाच्या शरीरापेक्षा थंड. या अडचणी संशोधक स्वतःच लिहितात.

‘पैसा पाण्यात’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते : बोटाएवढा मासा, एका जोडीची एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी, आणि दुसऱ्याच दिवशी पारदर्शक भ्रूणात धडधडताना दिसणारं हृदय. उंदरांवर एवढ्या संख्येने चाचण्या करायचा खर्च कितीतरी जास्त. मुळात हा मासा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आणि आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्या त्वचेवर काम चालतं.

आता मैत्रिणीसाठी. केमो लागू पडते आहे का, हे कळायला औषधाच्या काही फेऱ्या आणि मग स्कॅन, तोवर वाट बघणं; ती घालमेल मी तिच्या घरी पाहिली आहे. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठीतल्या पेशी झेब्राफिशच्या पिल्लांत सोडल्या. त्या वयात पिल्लांची प्रतिकारशक्ती अपुरी असते, त्यामुळे परक्या पेशी टिकतात. मग रुग्णाला द्यायची तीच औषधं पिल्लांना दिली. उत्तर दहा दिवसांत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ५५ रुग्णांच्या अभ्यासात हा अंदाज सुमारे ९१ टक्के वेळा बरोबर आला. कोणाचाही उपचार त्यावरून ठरवला नव्हता, फक्त ताडून पाहिलं. तिच्या वडिलांना याचा आज उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं. तो मेसेज तिने तिन्ही ग्रुपांवरून काढून टाकला.