साहेब, तो मीच

आज दुकान साडेसहालाच बंद केलं. चार कम्प्लेंट पेंडिंग आहेत, मागच्या गल्लीतल्या काकूंचा पाचवा फोन येऊन गेला. काकू, माफ करा, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

ठाण्यात केबल आणि इंटरनेटचा धंदा करून आम्हाला पंधरा वर्षं झाली, पोलीस दुकानात येणं नवीन नाही. रीतसर पत्र येतं, आम्ही फॉर्मची कॉपी देतो, विषय संपतो. आज जे आले ते ओळखीचेच. गणपतीत आमच्या नाक्यावर बंदोबस्ताला असतात. त्यांनी मोबाईल पुढे केला. व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो, त्यात 23 नावं.

"वहिनी, हे सगळे रेकॉर्डवरचे. कोणाकोणाकडे तुमचं कनेक्शन आहे ते बघून द्या. आधार, मोबाईल नंबर, कधीपासून आहे ते. आणि पुढे यातल्या कोणी नवीन घेतलं तर कळवत जा."

कुठला गुन्हा? कोणाची तक्रार? काही नाही. वरून मागितलंय.

आणि त्यांनी नावं वाचायला घेतली. तिसऱ्या नावाला, काउंटरमागे स्टुलावर बसून फायबर सोलणारा आमचा मामा थांबला. स्ट्रिपर हातात तसाच. उभा राहून म्हणाला, "साहेब, तो मीच."

माझ्या फ्रेंडलिस्टमधले निम्मे लोक मामाला ओळखतात. तुमच्या घरी लाइन त्यानेच टाकलीय. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खोदकामात फायबर तुटली की रात्री दोन वाजता पावसात ताडपत्री धरून जोड मारणारा माणूस तो. 1998 साली, वय वर्षं 19, विसर्जनाच्या मिरवणुकीत मारामारी झाली त्यात हा पकडला गेला. सहा वर्षांनी निर्दोष सुटला. पण नाव रजिस्टरला चढलं ते चढलंच. निवडणूक आली, बोलव मामाला. दहीहंडी आली, लिहून घे चांगल्या वर्तणुकीचा बाँड. डबा घेऊनच जातो तो, दिवस तिथल्या बाकावर जाणार हे ठरलेलंच.

आता त्याचं इंटरनेटपण हवंय?

माझे दीर वकील आहेत, त्यांना लगेच फोन लावला. म्हणाले, तपासासाठी कागद हवा असेल तर पोलीस ठाण्याचा प्रमुख लेखी आदेश काढून मागवू शकतो, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 94, ई-मेलवर आला तरी चालतो. म्हणजे बघा, कोर्टातसुद्धा जावं लागत नाही, एवढं सोपं करून ठेवलंय. तेवढंही करायचं नाही? भाऊजींनी खडक सिंगची केस पण ऐकवली. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या संशयावरून धरला, पुराव्याअभावी सुटला, तरी हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवायची पोलिसांची फाइल, उघडली आणि पोलीस रात्री-बेरात्री दार ठोठावायचे. 1962 साली सुप्रीम कोर्टाने त्या रात्रीच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या. मला तर हे दार ठोठावण्यापेक्षा वाईट वाटतं. ठोठावलं तर निदान कळतं तरी.

आणि त्या यादीचं करणार काय? एका पब्लिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवर बाहेर दिसणाऱ्या एका पत्त्यामागे, आमची कितीतरी घरं असतात. नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर (त्या पत्त्यामागचं एकेक कनेक्शन वेगळं ओळखायचा आकडा) नसेल तर त्यातलं कोण होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कोणी कधी कुठला आयपी वापरला त्या नोंदी, म्हणजे लॉग, माझ्याकडे नसतातच, वर कंपनीकडे असतात, लायसन्सच्या अटीप्रमाणे दोन वर्षं ठेवावे लागतात. माझ्याकडे फॉर्म आणि आधारची झेरॉक्स. म्हणजे उद्या एरियात कोणी ऑनलाइन फसवणूक केली की आयपी शोधायचे कष्ट कोण घेणार? यादी आहेच. मामा आहेच.

शिवाय असा फोटो किती मोबाईलमधून फिरतो देव जाणे. 2018 साली आपल्याच ठाण्यात क्राइम ब्रँचने सीडीआर विकणारी टोळी पकडली होती, आठवतंय ना? खासगी गुप्तहेर निघाले त्यात. लोकांच्या कॉलचे रेकॉर्ड भाजीसारखे विकले जात होते. पकडलं पोलिसांनीच, ते श्रेय देते.

हो, लहान मुलांना त्रास देणाऱ्यांचं काय, असं कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. मलाही मुलगी आहे. लैंगिक गुन्हेगारांची वेगळी राष्ट्रीय यादी एनसीआरबीकडे (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्राची संस्था) 2018 पासून आहे, त्यातला माणूस कुठलं कनेक्शन वापरतो हे पोलिसांना माहीत असावं असं मलाही वाटतं. जाऊ दे, लिहून टाकलं. पण त्या 23 जणांत तसे किती, आणि मिरवणुकीतले मामा किती, हे त्या फोटोवर कुठे लिहिलं होतं?

त्या साहेबांचाही राग राग करवत नाही आता. बारा-बारा तास ड्युटी, वरच्याला नाही म्हणायची सोय नाही. मामा उभा राहिल्यावर तेही गोरेमोरे झाले. त्याच्याकडे न बघताच मोबाईल खिशात घातला. चहा मागवला होता, त्यावर साय धरली, कोणीच घेतला नाही. "पत्र घेऊन येतो वहिनी" म्हणून गेले. बघू.

मामा परत स्टुलावर बसला, तो जोड पूर्ण केला, सिग्नलचा लॉस मोजला, पेटी आवरली. एक शब्द नाही. रोज इतका बडबडतो की मीच गप्प करते त्याला.

आत्ता नऊला त्याचा मेसेज आला. "ताई, माझ्या घरचं कनेक्शन बायकोच्या नावावर करून देता का?"

अजून उत्तर दिलं नाहीये.